ग्रामस्थ मंडळाचा मयत निधी कसा उभारावा

कोकणातील बहुतेक गावांचे मुंबईत एक ग्रामस्थ मंडळ असते आणि त्याच्या उद्दिष्टांत ‘सभासदांस अडीअडचणीत साहाय्य’ हे वाक्य हमखास असते. प्रत्यक्षात वर्गणी देवळाचा जीर्णोद्धार, सत्यनारायणाची पूजा आणि क्रिकेटच्या टी-शर्टांत संपते. कोणाकडे मयत झाली की फोन फिरतात, ज्याला जमेल तो देतो आणि ज्याची भावकी मोठी त्याला अधिक मिळते. हे टाळायचे असेल तर मदतीची रक्कम आणि ती पोहोचवण्याची मुदत या दोन्ही गोष्टी सर्वसाधारण सभेत आधीच ठराव करून बांधून घ्याव्यात.

रक्कम ठरवताना हिशेब साधा ठेवावा. समजा मंडळात १८० कुटुंबे आहेत आणि प्रत्येकाने दरमहा ५० रुपये दिले, तर वर्षाला १,०८,००० रुपये जमतात. वर्षाकाठी चार मयती धरून प्रत्येकी १५,००० रुपये दिल्यास ६०,००० रुपये खर्च होतात आणि ४८,००० रुपये गंगाजळीत राहतात. मात्र चारचा आकडा अंदाजाने न धरता मागील दहा वर्षांची इतिवृत्ते काढून मोजावा, कारण सभासदांचे सरासरी वय वाढत असेल तर तो आकडाही वाढणारच. हा निधी उत्सवाच्या खात्यात मिसळू नये. त्याचे बँक खाते आणि पावती पुस्तक वेगळे असावे.

पैसे असणे आणि वेळेवर हातात येणे यांत फरक आहे. मी खजिनदार असताना गणपतीच्या आदल्या रात्री एका सभासदाचे वडील वारले. निधी होता, पण सगळा मुदत ठेवीत, आणि सह्यांचे अधिकार असलेले तिघांपैकी दोघे गावी पोहोचलेले. रुग्णवाहिकेचे भाडे त्या मुलाने शेजाऱ्याकडून उसने घेतले. तेव्हापासून आम्ही तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने पैसे निघतील अशी व्यवस्था केली, सणाला तिघांपैकी दोघांनी मुंबईत थांबायचे ठरवले आणि २०,००० रुपये बचत खात्यात मोकळे ठेवले. कार्यकारिणी बदलल्यावर धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत बदल अहवाल दाखल करावा. तो रेंगाळला की नव्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या मान्य करायला बँक हरकत घेऊ शकते.

पैशाइतकीच मदत कागदांची लागते. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्या निबंधकाकडे २१ दिवसांत व्हावी लागते. अंत्यसंस्कार गावी केले म्हणून ती नोंद ग्रामपंचायतीत होत नाही, आणि दहावे-तेरावे गावी उरकून परत येईपर्यंत घरच्यांच्या हाती फारसे दिवस उरत नाहीत. म्हणून प्रत्येक वाडीच्या एका माणसाकडे हे काम सोपवावे. मृत्यू घरी झाला असेल तर त्याने मृतदेह मुंबईबाहेर नेण्यापूर्वीच डॉक्टरांचे मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र मिळवून त्याची प्रत जपून ठेवावी.

थकबाकीचा प्रश्न सर्वांत नाजूक असतो. वर्गणी थकवणारा बहुधा ओढगस्तीत असतो आणि मदतीची गरजही त्यालाच जास्त असते. माझ्या मते वाहन आणि अंत्यविधीचा खर्च थकबाकी न पाहता द्यावा आणि उरलेल्या रकमेतून थकबाकी वळती करावी. सभासदाच्या निधनानंतर सभासदत्व पत्नीच्या नावे आपोआप चालू राहील, असेही नियमात लिहावे. ते लिहिलेले नसते म्हणून अनेक विधवा यादीतून गळतात. १९८२ च्या संपानंतर गावी परतलेल्या गिरणी कामगारांच्या घरांनाही कमी वर्गणीत सामावून घेता येते.

मंडळाच्या १५,००० रुपयांत अंत्यविधी निभावतो, संसार नाही. त्यासाठी वार्षिक सभेच्या दिवशीच सभासदांचे विम्याचे अर्ज भरून घ्यावेत. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत १८ ते ५० वर्षे वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला ४३६ रुपयांत, तर सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या खातेदाराला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी, प्रत्येकी दोन लाखांचे संरक्षण मिळते. हप्ता मेअखेर खात्यातून वळता होतो. त्या सुमारास खात्यात पैसे ठेवण्याची आठवण वाडीप्रमुखाने करावी. आजारपण आणि शिक्षणासाठी मदत निधी तीन-चार वर्षांचा झाल्यावरच सुरू करावी.

पोर्तुगीज अमलातील गोव्यातून मुंबईत आलेल्यांनी धोबीतलावच्या परिसरात गावोगावचे ‘कूड’ उभारले, तिथे जहाजावरचा खलाशी दोन सफरींच्या मधल्या काळात आपली ट्रंक ठेवून अल्प वर्गणीत राहू शके. गिरणगावातील आपल्या गावकीच्या खोल्याही त्याच धाटणीच्या. ज्या मंडळांकडे अशी खोली अजून आहे, त्यांनी ती टाटा किंवा केईएम रुग्णालयात उपचारासाठी आलेल्या गावकऱ्यांना प्राधान्याने द्यावी.

रक्कम दहाव्यापूर्वी वारसाच्या खात्यात जमा करावी आणि पावतीवर सही घ्यावी. पाकीट देतानाचे छायाचित्र मंडळाच्या व्हॉट्सॲपवर टाकू नये, आणि वार्षिक अहवालात मदत घेणाऱ्याच्या नावाऐवजी पावती क्रमांक छापावा.