भटका ड्वार्फ खेळताय? मग या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्र घेऊन, फासे टाकून खेळायच्या गोष्टीच्या खेळात ड्वार्फ (बुटक्या, दणकट जमातीचं पात्र) घेतला की निम्मे लोक तीच दाढी, तीच कुऱ्हाड आणि तोच तुसडा स्वभाव घेऊन येतात आणि दोन-तीन सेशनमध्ये कंटाळतात. ड्वार्फचा काही दोष नाही हो, शीटवर (पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावर) काय काय मिळालंय ते कोणी धड वाचतच नाही.

आधी रूल्स कुठले ते ठरवा, बहुतेक राडा इथेच होतो. २०१४ च्या रूल्समध्ये ड्वार्फचा स्पीड (एका टर्नमध्ये चालायचं अंतर) २५ फूट, डार्कव्हिजन (अंधारात दिसण्याची ताकद) ६० फूट आणि हिल की माउंटन हा उपप्रकार निवडायचा. २०२४ मध्ये स्पीड ३०, डार्कव्हिजन १२० आणि हिल-माउंटनची भानगडच नाही. गाईड एकाचं नि शीट दुसऱ्याचं असं केलं की जुना कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाच्या गुणाचा) +२ पण घेतला जातो आणि नव्या बॅकग्राउंडचे (पात्राच्या पूर्वायुष्याचे) पॉइंट्स पण, मग डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) पकडलं की तोंड पाडून बसायचं.

"माझा ड्वार्फ पार्टीच्या (सोबतच्या पात्रांच्या गटाच्या) मागे पडतो" ही तक्रार २०१४ वाल्यांची. पण तो २५ चा आकडा लढाईतला आहे, प्रवासाचा नॉर्मल पेस सगळ्या पार्टीला सारखाच, दिवसाला २४ मैल, त्यामुळे तुमच्यामुळे कोणाला उशीर होत नाही. लढाईत अंतर पडतंच, तर दर टर्नला नुसतं धावत सुटण्यापेक्षा हँडअ‍ॅक्स (छोटी कुऱ्हाड) फेका ना, ती २० फुटांपर्यंत आरामात जाते. आणि हेवी आर्मरने स्पीड कमी होत नाही हे २०१४ ला खरंय, पण म्हणून प्लेट (पूर्ण लोखंडी चिलखत) घालून चोरपावलांनी जायला निघू नका, स्टेल्थचा (लपतछपत जाण्याचा) डिसअ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा) ड्वार्फलाही लागतोच.

आता डार्कव्हिजन. मिट्ट काळोख ड्वार्फला अंधुक उजेडासारखा दिसतो, दिवसासारखा नाही, म्हणजे डोळ्यांनी काही शोधायचं तर पर्सेप्शनला (टेहळणीच्या फाशाला) डिसअ‍ॅडव्हांटेज, पॅसिव्ह (फासा न टाकता धरलेला आकडा) असेल तर ५ वजा. त्या काळोखात तर रंगपण कळत नाहीत. गुहेत सगळ्यात पुढे ऐटीत चालणारा ड्वार्फ सारखा सापळ्यात का पडतो याचं उत्तर हेच, गुपचूप कंदील लावा.

विषाचंही तसंच, सेव्हला (त्यातून वाचण्यासाठीच्या फाशाला) अ‍ॅडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा आकडा) आणि डॅमेज निम्मं एवढंच मिळतं, "मला विष चढतच नाही" असं कुठेही लिहिलेलं नाही.

सगळ्यात जास्त वाया जातं ते स्टोनकनिंग (दगडाची जाण). जुन्या रूल्समध्ये दगडी बांधकाम कोणी, कधी केलं यावर हिस्टरीचा रोल (इतिहासाच्या माहितीसाठी फासा) येतो आणि त्यात प्रोफिशियन्सी बोनस (कौशल्याचा जादा आकडा) दुप्पट, तर प्रत्येक पडक्या किल्ल्यात डीएमला विचारा, तो वाटच बघत असतो. नव्यात बोनस अ‍ॅक्शन (टर्नमधली जादा छोटी कृती) वापरून दगडावर असताना १० मिनिटं ६० फुटांपर्यंतची हालचाल जाणवते, दाराआड कोण दबा धरून बसलंय ते दार न उघडता कळतं (उडणारं काही असेल तर मात्र नाही).

गोष्टीतली मोठी चूक म्हणजे "माझं सगळं कुळ मारलं गेलं". सगळेच मेले तर डीएमने तुमच्या मागे लावायचं कोणाला? त्यापेक्षा मागे कोणीतरी जिवंत ठेवा, देणं ठेवा, रुसलेली बहीण ठेवा. शिवाय ड्वार्फ साधारण ३५० वर्षं जगतो, म्हणजे १५० वर्षांचा भटक्या या गावात आधी येऊन गेलेला असू शकतो, सराईवाल्याच्या आजोबांशी भांडून! हे असलं एल्फ नि नोम (अशाच दुसऱ्या दीर्घायुषी जमाती) सोडले तर फारसं कोणाला जमत नाही, तरी लोक वय नुसतं आकडा म्हणून लिहितात.

एकलकोंडा खेळायचा असेल तर खेळा, पण पार्टीसोबत का राहतो याचं एक कारण पहिल्याच सेशनला सांगून टाका, नाहीतर बाकीच्यांनी दर वेळी तुमची मनधरणी करायची का?

आणि ड्वार्फचा म्हणून काढतात तो स्कॉटिश अ‍ॅक्सेंट, चार तास झेपणार नसेल तर काढूच नका.