दोन अँटिव्हायरस, एक कॉम्प्युटर

देवगडच्या घरचा कॉम्प्युटर म्हणजे आंब्याच्या पेट्यांचा हिशोब आणि बाबांचं बँकेचं काम. मे महिन्यात, नेमक्या घाईत, तो सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेऊ लागला. कोपऱ्यात सतत लाल पाटी: ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस!’ बाबांचा फोन आला, “अरे, ह्यो सारखो व्हायरस आसा म्हणता. पैशे भरू काय?” म्हटलं, थांबा, मी येतोय.

घरी जाऊन पाहिलं तर ती पाटी अँटिव्हायरसची नव्हतीच. कुठल्यातरी साइटला चुकून नोटिफिकेशनची परवानगी दिली गेली होती. क्रोमच्या सेटिंगमध्ये ती काढली आणि पाच व्हायरस एका क्लिकमध्ये गेले!

मंदपणाचं कारण वेगळं. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू, दोघेही प्रत्येक फाइल तपासणार. त्यातल्या एकाची मुदत कधीच संपलेली. दोन्ही काढून रीस्टार्ट केला, तसा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आपोआप जागा झाला. खात्रीसाठी ऑफलाइन स्कॅन, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच होणारी तपासणी, लावला. पंधराएक मिनिटं लागतात, तेवढ्यात वीज गेली नाही हे नशीब.

विकतचं घ्यावं का? जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी ६ पैकी गुण देते. तिथे डिफेंडरचे गुण पाहिले आणि पैसे वाचवले. त्यातून बॅकअपसाठी हार्ड डिस्क आणली.