जुनी नळजोडणी बदलायची तर फेरूलपासून मीटरपर्यंत

जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आतून गंजत जातो आणि अर्ध्या इंचाच्या पाइपात जेमतेम पेन्सिल जाईल एवढी वाट उरते. गळका तुकडा तेवढा बदलून भागत नाही. पान्याच्या जोराने शेजारचे कुजलेले आटे तुटतात आणि गळती दोन हात पुढे सरकते. म्हणून फेरूलपासून (मुख्य वाहिनीतून घराची जोडणी निघते तो जोड) मीटरपर्यंतची सगळी लाइन एकदमच बदलावी. मुख्य वाहिनीवरचं काम पाणीपुरवठा विभागाच्या परवानगीनेच करावं, आणि जुना फेरूल तिथेच कायमचा बंद करून घ्यावा. नाहीतर जुना पाइप जमिनीत गळतच राहतो.

जुन्या लोखंडी पाइपाला घराचं अर्थिंग जोडलेलं असेल, तर कापण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून वेगळं अर्थिंग करून घ्या. हे सर्रास विसरलं जातं आणि ते जिवावर बेतू शकतं.

अर्ध्या इंची जीआयच्या जागी २० मिमी बाहेरच्या व्यासाचा एमडीपीई (मध्यम घनतेचं पॉलिथिन, एक प्लास्टिक) पाइप चालतो. लांबी जास्त किंवा दाब कमी असेल तर २५ मिमी घ्या. पाइप गटारापासून दूर, आणि ओलांडावंच लागलं तर गटाराच्या वरून न्यावा. खाली-वर वाळूचा थर द्या, दगड टेकला की पाइप तिथेच चिरतो. चरात तो थोडा नागमोडी सोडा, कारण थंडीत प्लास्टिक आखडतं आणि ताणलेला पाइप सांध्यातून निसटतो.

सगळ्यात जास्त चुका कॉम्प्रेशन फिटिंगमध्ये, म्हणजे नट आवळून पाइप पकडणाऱ्या जोडात होतात. पाइप काटकोनात कापा, कडेची धार घासून उतरवा, आत किती जायला हवा तिथे खूण करा, टोक ओलं करा. ढकलताना रबरी रिंगशी पाइप अडतो आणि पूर्ण बसल्यासारखा वाटतो. खूण फिटिंगच्या तोंडाशी येईपर्यंत आणखी रेटा, मगच नट आवळा. या नटाला टेफ्लॉन टेप लावायची नसते, ती धातूच्या आट्यांना.

गेट व्हॉल्व्हमध्ये (चाक फिरवलं की आतला पडदा वर-खाली होतो तो) खाचेत गाळ बसतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. म्हणून मीटरच्या दोन्ही बाजूंना पितळी, फुल बोअर (आतलं भोक पाइपाएवढंच असलेले) बॉल व्हॉल्व्ह बसवा. हँडल सावकाश फिरवा, झटक्यात बंद केल्यास पाण्याचा दणका सांध्यांना बसतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा उघडझाप करा, म्हणजे तो जाम होत नाही.

मीटर शेवटी जोडा. आधी पाणी स्वच्छ येईपर्यंत लाइन वाहू द्या, नाहीतर चरातली वाळू मीटरमध्ये अडकते. मग कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाने तपासणी करा. तोवर सांधे उघडेच ठेवा, चर बुजवू नका.