अ‍ॅम्पच्या नावाला शिव्या घालण्याआधी: बेस वाजवणाऱ्यांनी या चुका टाळा

लग्नसराई उतरली की जळगाव-धुळ्याकडचे ऑर्केस्ट्रावाले जरा मोकळे होतात आणि चहाच्या टपरीवर सामानाच्या गप्पा रंगतात. बेसवाल्यांचा, म्हणजे बेस गिटार वाजवणाऱ्यांचा, विषय ठरलेला असतो: कोणत्या कंपनीचा अ‍ॅम्प चांगला. "अँपेगसारखा आवाज कुठेच नाही भो." "बेहरिंगर घेतलास? मग भोग आता." "पीव्ही म्हणजे रणगाडा, पडला तरी फरशीच फुटेल." ऐकायला मजा येते, पण यातली निम्मी मतं ऐकीव असतात आणि उरलेली वीस वर्षांपूर्वीच्या मॉडेलवरची. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या स्टेजवर बेस बिघडतो तो विजेच्या बोर्डातल्या वायरीमुळे, चुकीच्या जोडणीमुळे आणि शेजारच्या कीबोर्डवाल्याशी आधी न बोलल्यामुळे. कंपनीचा नंबर त्यानंतर लागतो.

नाव बघून अ‍ॅम्प घेणे

नावाला इतिहास असतो, हे खरं. अँपेगचा एसव्हीटी 1969 साली आला. 300 वॅट आणि दहा इंची आठ स्पीकरचं कपाटाएवढं कॅबिनेट. त्याच वर्षी रोलिंग स्टोन्स बँडच्या अमेरिका दौऱ्यावर तो वाजला आणि मोठ्या स्टेजवरचा बेस म्हणजे अँपेग हे समीकरण पक्कं झालं. पण 2018 मध्ये ही कंपनी यामाहाच्या गिटार विभागाकडे गेली. एसडब्ल्यूआर ही दुसरी बेस अ‍ॅम्पची कंपनी 2003 मध्ये फेंडरकडे गेली होती. जाळीवरची पाटी तीच राहते, आतला माल आणि तो बनवणारे हात बदलतात. उलटाही प्रकार होतो. फेंडरने 1952 मध्ये बासमन काढला तो नावाप्रमाणे बेससाठी, पण त्यावर प्रेम केलं गिटारवाल्यांनी, आणि पुढे मार्शलचा पहिला अ‍ॅम्प त्याच्याच सर्किटवरून उभा राहिला. म्हणजे "बासमन लई भारी" हे वाक्य ऐकलं की बोलणारा काय वाजवतो ते आधी विचारा.

हार्टकेचे अ‍ॅल्युमिनियमचे कोन टिणटिणीत वाजतात, गॅलियन-क्रूगर मधल्या पट्टीत ठोसा देतो, मार्कबास उचलायला हलका. ही ख्याती बरीचशी रास्त आहे. बेहरिंगरची बदनामी जुन्या स्वस्त मालावरून सुरू झाली आणि आता ती विनोदासारखी चालत आली आहे. पण अ‍ॅम्प घेताना यातल्या कशापेक्षाही मोठा प्रश्न एकच: तो जळगावात उघडून दुरुस्त करणारा माणूस आहे का? जुन्या धाटणीच्या, जड ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅम्पमधला जळालेला ट्रान्झिस्टर आपला रेडिओ-टीव्हीवाला मेकॅनिकसुद्धा बदलतो. पार्ट नसला तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवतो. हलक्या क्लास-डी अ‍ॅम्पचा पॉवर मॉड्यूल गेला तर बहुतेक वेळा अख्खा बोर्डच बदलावा लागतो, आणि तो येईपर्यंत सीझन निघून जातो. तीन किलोचं हेड (स्पीकर नसलेला, वेगळ्या कॅबिनेटला जोडायचा अ‍ॅम्प) खांद्याला बरं, हे मान्य. पण हेड हलकं घेतलं तर जुनं जड काहीतरी राखीव ठेवा.

वॅटच्या आकड्याला भुलणे

डब्यावर "5000 वॅट पीएमपीओ" (क्षणभराचा फुगवलेला आकडा) लिहिलेलं दिसलं की तो आकडा विसरून आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे वॅट, शोधा. 100 वॅटवरून 200 वर गेल्याने फक्त 3 डेसिबलचा फरक पडतो, कानाला जेमतेम जाणवेल एवढा. कानाला दुप्पट वाटावं तर साधारण दहापट वॅट लागतात. म्हणून स्पीकर आधी बघावा. 97 डेसिबल संवेदनशीलतेच्या जागी 100 डेसिबलचं कॅबिनेट जोडलं तर अ‍ॅम्प न बदलता वॅट दुप्पट केल्याचा फायदा मिळतो.

ओहमची (स्पीकर विजेला किती अडवतो त्या मापाची; ओहम कमी तितका अ‍ॅम्पवर ताण जास्त) चूक मात्र खिशाला लागते. "500 वॅट" हे बहुधा 4 ओहमवरचं असतं. एकच 8 ओहमचं कॅबिनेट लावलं तर 300 च्या आसपासच मिळतात. मग उत्साहात 4-4 ओहमची दोन कॅबिनेट जोडली जातात, लोड 2 ओहमवर येतो, आणि 4 ओहमपर्यंतच झेपणारा अ‍ॅम्प दोन गाण्यांत बंद पडतो किंवा जळतो. व्हॉल्व्हचं हेड असेल तर उलटी काळजी: कॅबिनेट न जोडता ते कधीच वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. आणि हेडपासून कॅबिनेटपर्यंत गिटारची केबल लावू नका. आतली तार बारीक असते, तापते. तिथे जाड स्पीकर केबलच हवी.

गावची लाईट

खरी मारामारी इथे आहे. गावातल्या कार्यक्रमाला स्टेजमागे जाऊन बोर्ड बघा. तीन पिनच्या सॉकेटमध्ये दोन उघड्या वायरी खोचलेल्या आणि त्या निघू नयेत म्हणून आगकाड्या ठोकलेल्या. वायरीचं दुसरं टोक कधी शेजारच्या घरात, कधी सरळ खांबावरच्या आकड्यावर. अर्थिंगचा पत्ता नाही. अशा जागी अ‍ॅम्प गुंगुं करतो, आणि कोणीतरी अनुभवी माणूस सुचवतो, "प्लगची मोठी पिन कापून टाक, आवाज बंद होतो." होतोही. पण त्या पिनेवरच तुमचा जीव असतो. आत बिघाड होऊन फेज चेसिसला लागला तर करंट बेसच्या तारांमधून तुमच्या अंगात जाईल. बेसवाला बॅकिंगला गात असेल आणि माइकला ओठ टेकल्यावर झटका बसत असेल, तर अ‍ॅम्पची आणि साउंड सिस्टिमची अर्थिंग वेगवेगळी आहे किंवा मुळात नाहीच, असं समजा. त्याकडे हसून दुर्लक्ष करू नका.

गुंगुं घालवायची रीत वेगळी आहे. अ‍ॅम्प आणि मिक्सर शक्यतो एकाच बोर्डावरून घ्या. डीआय बॉक्सवर (बेसचा सिग्नल मिक्सरला देणारी डबी) किंवा अ‍ॅम्पच्या मागे "ग्राउंड लिफ्ट"चं बटण असतं, ते दाबा. त्याने सिग्नलची अर्थिंग सुटते, विजेची तशीच राहते. तेवढ्याने गेलं नाही तर एलईडी लाइटिंगच्या डिमरपासून वायर लांब घ्या, आणि हमबकर (गुंगुं दाबणारा पिकअप) नसलेला बेस असेल तर उभं राहण्याची दिशा बदलून बघा. वीज मोजायचं काम वायरमनकडून करून घ्या: फेज-न्यूट्रल 230 च्या जवळपास आणि फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच दिसायला हवं. फेज-अर्थ भलतंच काही दाखवत असेल तर अर्थिंगची सळई ठोकून घ्या, नाहीतर 30 मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलेला बोर्ड स्वतःचा बाळगा.

डीम लाईटने अ‍ॅम्प मरगळतो, पण सहसा मरत नाही. मारतो तो तुटलेला न्यूट्रल. थ्री फेजच्या लाईनवर न्यूट्रल निघाला की 230 च्या जागी 400 पर्यंत व्होल्टेज चढू शकतं आणि त्या रांगेतलं सगळंच जळतं. म्हणून स्टॅबिलायझर घेताना नुसतं व्होल्टेज वाढवणारा नको, जास्त झालं की तोडणारा घ्या. लाईट जाऊन जनरेटर लागताना अ‍ॅम्प बंद ठेवा; जनरेटर स्थिर झाला, मंडपातले हॅलोजन लागले, की मग चालू करा. अमेरिकेतून भाच्याने आणलेला अ‍ॅम्प असेल तर मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावूच नका. तिथली वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची.

आणि ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या पुढे जातो. संध्याकाळच्या कार्यक्रमाचं सामान दुपारी पत्र्याखाली लावून ठेवलेलं असतं, म्हणजे पहिल्या गाण्याआधीच अ‍ॅम्प भाजलेला. मग तो मधेच बंद पडतो आणि पाच मिनिटांनी आपोआप चालू होतो. हा बिघाड नाही, आतल्या संरक्षणाने केलेली सुट्टी आहे. अ‍ॅम्पच्या मागे आणि बाजूला वीतभर जागा सोडा, पंख्यावरची धूळ ब्रशने काढा (सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या मैदानी कार्यक्रमानंतर तर नक्कीच). सत्काराची शाल आणि नारळ ठेवायला अ‍ॅम्प हे टेबल नव्हे, हेही पाहुण्यांना आणि अध्यक्षांना सांगावं लागतं.

घरच्या आवाजावर विश्वास

घरी एकटे बसून बेस आणि ट्रेबल वर, मधलं खाली, असं लावलं की आवाज गोड लागतो. तोच आवाज बँडमध्ये गायब होतो, आणि समोरून कोणीतरी ओरडतो, "भाऊ, तुना बेस काहीच ऐकू येत नही!" कारण सोपं आहे. चार तारांच्या बेसची खालची ई तार 41 हर्ट्झवर वाजते. पाचव्या तारेचा बी तर 31 वर. पण माणसाला सूर ओळखू येतो तो त्याच्या वरच्या पटीतून, 80 पासून पुढे काही शे हर्ट्झपर्यंत. तिथे तुम्ही कापलंत, म्हणजे ओळखच कापलीत. 250 ते 500 च्या पट्ट्यात थोडं वाढवा, हाय-पास फिल्टर असेल तर त्याने 40 च्या खालचं कापून टाका. स्पीकरची दमछाकही वाचते.

"बेसची लाट उघडायला अंतर लागतं, म्हणून जवळ ऐकू येत नाही" हा टपरीवरचा आणखी एक सिद्धांत. लाट लांब असते, ई तारेची साधारण 8 मीटर, पण तसं असतं तर हेडफोनमध्ये बेस कधीच ऐकू आला नसता. जवळ ऐकू येत नाही कारण कॅबिनेट तुमच्या पोटऱ्यांना ऐकवतंय आणि स्पष्टपणा देणारे वरचे सूर सरळ रेषेत जातात. कॅबिनेट खुर्चीवर चढवा किंवा मागे कलवा.

सोबत्यांशी भांडण, पण चुकीच्या मुद्द्यावर

आयोजकाच्या मते बेसवाला हा वाढीव खर्च. "कीबोर्डात बेस आहेच की." आणि यात तथ्य आहे, हीच अडचण. कीबोर्डवाल्याने स्टाइल (आपोआप वाजणारी साथ) चालू केली की तिच्यात बेसचा वेगळा चॅनल वाजत असतो, वर त्याचा डावा हात खालच्या पट्टीत फिरतो. तुम्ही आणि तो मिळून दोन बेस वाजवता. त्याने कॉर्ड उलटी धरली की दोघांचे मूळ सूर आपटतात आणि खापर फुटतं तुमच्या अ‍ॅम्पवर. सरावाच्या दिवशीच त्याला सांगा: स्टाइलमधला बेस म्यूट कर, डावा हात मधल्या सप्तकात ठेव. बहुतेकजण ऐकतात. ज्यांचा अहंकार दुखावतो, त्यांच्यासाठी दोन गाणी पूर्ण त्यांच्याकडे सोडून द्या. तेवढ्यात तुम्ही पाणी प्या.

ऑक्टोपॅडवाल्याचं तसंच. लांब घुमणारा किक (मोठ्या ड्रमचा ठोका) लावला की 60 हर्ट्झच्या आसपासची जागा त्याने व्यापलीच म्हणून समजा. त्याला किकची शेपटी आखूड करायला सांगा. गिटारवाला मात्र कधीच आवाज कमी करणार नाही. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्याचा अ‍ॅम्प त्याच्याच कानाकडे वळवून ठेवा, तो आपोआप कमी करतो.

साउंडवाल्याकडे वेळ असेल तेव्हा, म्हणजे सत्कार-भाषणं चालू असताना, जाऊन ओळख करून घ्या. त्याच्या लेखी "बेस" म्हणजे खालचे अठरा इंची डबे. तुम्ही "बेस वाढवा" म्हणालात की तो ते डबे वाढवतो आणि सगळंच घुमायला लागतं. "बेस गिटारचा चॅनल" असं सांगा. त्याला डीआयची लाइन द्या, तीही इक्वलायझरच्या आधीची, म्हणजे स्टेजवर तुम्ही बटणं फिरवलीत तरी समोरचा आवाज हलणार नाही.

वाजता वाजता आवाज गेला तर

अ‍ॅम्पला हात लावू नका, बेसपासून सुरुवात करा. अ‍ॅक्टिव्ह बेसची 9 व्होल्टची बॅटरी हा पहिला संशयित: आवाज आधी फाटतो, मग विझतो. पॅसिव्हचं बटण असेल तर ते दाबून गाणं पूर्ण करा. मग केबल बदला. तरी नाही, तर पेडल काढून बेस सरळ अ‍ॅम्पमध्ये घाला. अ‍ॅम्पचा दिवा चालू पण आवाज नाही, तर म्यूटचं आणि ट्यूनरचं बटण बघा. हे कारण हास्यास्पद वाटतं, पण बरेचदा तेच निघतं. दिवाच नसेल तर आधी बोर्ड, मग फ्यूज. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अ‍ॅम्पिअरचा लावा. चांदीचा कागद गुंडाळून चालवलेला अ‍ॅम्प मेकॅनिकच्या टेबलावर पोचतो तेव्हा वाचवण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. अ‍ॅम्प गेलाच तर डीआयमधून सरळ मिक्सरमध्ये जा आणि मॉनिटर मागून घ्या.

कार्यक्रम संपला की बेसमधून जॅक काढा. जॅक आत असेपर्यंत बॅटरी चालू राहते, आणि गाडीत टाकलेला बेसही ती हळूहळू रिकामी करतो.