फेलओव्हर इंटरफेस असलेली व्हीएम नेटवर्कवरून बूट होत नसेल तर तपास कसा करावा

विदर्भातल्या तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या महाविद्यालयाचा किंवा सहकारी संस्थेचा सगळा संगणकीय कारभार दोन जुने सर्व्हर, एक नॅस (नेटवर्कवरून वापरायचे साठवणयंत्र) आणि एक स्विच यांवर चालतो. लाइन गेली की इन्व्हर्टरवर एकच सर्व्हर तग धरतो, त्यामुळे चालू व्हीएम (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालवलेला आभासी संगणक) न थांबवता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येणे ही तिथे चैन नसून गरज असते. नेटवर्क कार्डाचे व्हर्च्युअल फंक्शन, म्हणजे व्हीएफ (एका कार्डातून वेगळा काढलेला आभासी भाग), थेट व्हीएमला दिले तर वेग मिळतो, पण चालू व्हीएम हलवण्यात त्याचा अडथळा होतो. व्हर्टआयओ-नेट फेलओव्हर हा यावरचा तोडगा आहे: हलवताना व्हीएफ काढला जातो आणि काम व्हर्टआयओ या सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी कार्डावर चालू राहते. लिनक्स कर्नलमध्ये तो ४.१८ पासून, म्हणजे २०१८ पासून आहे, क्यूईएमयू या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये २०१९ च्या ४.२ आवृत्तीत आला आणि व्हीएम सांभाळणाऱ्या लिबव्हर्टने २०२० मध्ये ६.१ आवृत्तीत ‘टीमिंग’ या नावाने त्याची सोय केली. अशा व्हीएमची मूळ फाइलप्रणाली नॅसवर असेल आणि ती नेटवर्कवरूनच बूट होत असेल, तर बिघाड नेमका कुठे आहे हे ओळखणे अवघड जाते.

अवघड जाण्याचे कारण असे की व्हीएमच्या आत एका कार्डाऐवजी तीन इंटरफेस दिसतात: मुख्य फेलओव्हर इंटरफेस, त्याच्या हाताखालचा व्हर्टआयओचा राखीव इंटरफेस आणि व्हीएफ. एकाच सातबाऱ्यावर तीन खातेदार असावेत, तसा या तिघांचा मॅक पत्ता (कार्डाचा ओळखक्रमांक) एकच असतो. राखीव इंटरफेस ओळखणे सोपे आहे, कारण त्याच्या नावाच्या शेवटी बहुधा ‘एनएसबीवाय’ ही अक्षरे असतात. आयपी पत्ता फक्त मुख्य इंटरफेसलाच मिळाला पाहिजे. हे एवढे पक्के ध्यानात ठेवले तर पुढचा बराचसा तपास आपोआप सरळ होतो.

कोणतीही सेटिंग बदलण्याआधी व्हीएमचा कन्सोल उघडून बूट कोणत्या टप्प्यावर थांबते ते पाहावे. आयपीएक्सईच्या, म्हणजे नेटवर्कवरून बूट करणाऱ्या प्रोग्रामच्या, पडद्यावर ‘कॉन्फिगरिंग’ या शब्दापुढे कंसात नेट-झीरो आणि ५२:५४:०० ने सुरू होणारा मॅक पत्ता दिसत असेल आणि त्यापुढे नुसते ठिपकेच उमटत असतील, तर कर्नल अजून आलेलाच नाही. अशा वेळी इनिटरॅमएफएस (कर्नलबरोबर येणारी सुरुवातीची छोटी फाइलप्रणाली) उघडून बसण्यात अर्थ नाही. उलट कर्नलचे संदेश सरकून गेल्यावर मूळ फाइलप्रणाली सापडत नसल्याची तक्रार येत असेल, तर पीएक्सईने, म्हणजे नेटवर्कवरून बूट करण्याच्या पद्धतीने, आपले काम पूर्ण केले आहे आणि दोष पुढच्या टप्प्यात आहे.

पहिल्या टप्प्यात व्हीएफ व्हीएमला दिसतच नाही. व्हीएमच्या आतला ड्रायव्हर ‘स्टँडबाय’ ही क्षमता मान्य करेपर्यंत क्यूईएमयू व्हीएफला लपवून ठेवतो, आणि आयपीएक्सईचा ड्रायव्हर ती मान्य करत नाही. म्हणून पीएक्सईची सगळी वाहतूक व्हर्टआयओवरूनच होते. बूट क्रम व्हर्टआयओ इंटरफेसलाच द्यावा, व्हीएफचा बूट रॉम बंद ठेवावा आणि होस्टवर (व्हीएम चालवणाऱ्या सर्व्हरवर) टीसीपीडम्प हे पॅकेट पाहण्याचे साधन लावून व्हीएमच्या टॅपवर (व्हीएमच्या कार्डाचे होस्टवरचे टोक), ब्रिजवर (होस्टमधला सॉफ्टवेअर स्विच) आणि प्रत्यक्ष कार्डावर डीएचसीपीची, म्हणजे आयपी पत्ता मागण्याची, विनंती कुठपर्यंत पोचते ते पाहावे. विनंती टॅपवर दिसते पण कार्डावर दिसत नाही, असे असेल तर ब्रिजकडे वळावे. लिनक्स ब्रिजचा फॉरवर्ड डिले मुळात १५ सेकंदांचा असतो आणि ब्रिजवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधला लूप टाळणारा प्रोटोकॉल) चालू असेल तर नुकत्याच जोडलेल्या टॅपवरून त्याच्या दुप्पट वेळ काहीच पुढे जात नाही. ब्रिजमध्ये लूप होण्याची शक्यता नसेल तर ब्रिजवरचा स्पॅनिंग ट्री बंद करावा.

याच टप्प्यातला एक दोष फार फसवा आहे आणि त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. डीएचसीपीचा पत्ता मिळतो, पण त्यानंतर टीएफटीपी या प्रोटोकॉलने बूटची फाइल उतरतच नाही, आणि मग सगळे जण टीएफटीपी सर्व्हरच्या मागे लागतात. प्रत्यक्षात होस्टने व्हीएफला व्हीएमचाच मॅक आधीच देऊन ठेवलेला असतो, त्यामुळे काही कार्डांमधला अंतर्गत स्विच त्या मॅकसाठी आलेली पॅकेट लपवलेल्या व्हीएफकडे वळवतो आणि ती व्हर्टआयओपर्यंत येत नाहीत. डीएचसीपीचे उत्तर ब्रॉडकास्टने (सर्वांना उद्देशून) आले तर ते पोचते, पण टीएफटीपीची उत्तरे युनिकास्ट (एकाच मॅकला उद्देशून) असल्याने हरवतात. खात्री करण्यासाठी व्हीएफचा मॅक तात्पुरता शून्य करून पुन्हा बूट करून पाहावे. तेवढ्याने फाइल उतरू लागली तर दोष सापडला. मग व्हीएफ व्हीएममध्ये जोडला जाईल तेव्हाच त्याला मॅक मिळेल आणि तो काढल्यावर मॅक पुन्हा शून्य होऊन कार्डाच्या मुख्य फंक्शनवर व्हीएमच्या मॅकची नोंद होईल, अशी व्यवस्था होस्टच्या स्क्रिप्टमध्ये करावी. व्हीएफ आणि व्हर्टआयओ एकाच व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या आभासी विभागात) आहेत ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

दुसऱ्या टप्प्यात इनिटरॅमएफएस तपासावे. त्यात व्हर्टआयओ-नेट, नेट-फेलओव्हर आणि फेलओव्हर ही मॉड्यूल हवीतच. व्हर्टआयओ-नेट नसेल तर ‘स्टँडबाय’ मान्य होत नाही आणि व्हीएफही बाहेर येत नाही, म्हणजे एकही इंटरफेस उरत नाही. व्हीएफचा ड्रायव्हर नसला तर मात्र बूट अडू नये, फक्त वेग कमी मिळेल. इनिटरॅमएफएस बनवण्यासाठी ड्रॅकट वापरणाऱ्या प्रणालीत ‘एलएसइनिटआरडी’ या आज्ञेने आतली यादी पाहता येते.

मॉड्यूल जागेवर असूनही अडत असेल तर कर्नलची कमांड लाइन वाचावी, कारण माझ्या मते खरी मेख बहुतेकदा तिथेच असते. नुसते ‘आयपी बरोबर डीएचसीपी’ असे लिहिले असेल तर हाताखालच्या इंटरफेसवरही पत्ता मागितला जाण्याचा धोका असतो. त्यांच्यावर आलेली पॅकेट मुख्य इंटरफेसकडे चढवली जात असल्याने तो पत्ता निरुपयोगी ठरतो आणि मार्गांचा गोंधळ उडतो. तिथे मुख्य इंटरफेसचे नाव स्पष्ट लिहावे. पीएक्सलिनक्सने जोडलेला ‘बूटआयएफ’, ड्रॅकटचा ‘आयएफनेम’ किंवा इंटरफेसना नावे देणाऱ्या यूडेव्हचा जुना नियम, यांपैकी जे काही मॅकवरून इंटरफेस निवडते ते तिन्ही इंटरफेसना लागू पडते, म्हणून ते काढावे किंवा ड्रायव्हर अथवा पीसीआय मार्गाची अट घालून नेमके करावे. नाव बदलताना ‘डिव्हाइस बिझी’ अशी चूक येत असेल तर कर्नल जुना आहे, असे समजावे: चालू असलेल्या हाताखालच्या इंटरफेसचे नाव बदलण्याची मुभा २०१९ मधल्या दुरुस्तीने मिळाली.

बूट पूर्ण होऊन काही क्षणांतच व्हीएम गोठत असेल तर नेटवर्कमॅनेजर हाताखालच्या दोन इंटरफेसचा ताबा घेत आहे का, ते पाहावे. मूळ फाइलप्रणाली नॅसवर असल्याने मुख्य इंटरफेस क्षणभर पडला तरी सगळे थांबते. हे दोन्ही इंटरफेस ‘अनमॅनेज्ड’ यादीत टाकावेत.

व्हीएफ जोडलाच जात नसेल तर दोन्हीकडचे मॅक अक्षर न् अक्षर ताडून पाहावेत. जोडी मॅकवरूनच जमते आणि होस्टने मॅक ठरवून दिला नसेल तर व्हीएफला यादृच्छिक मॅक मिळतो.

आता आपल्याकडच्या परिस्थितीचे. मृगाच्या पहिल्या वादळात लाइन अनेकदा जाते-येते, आणि परतताना स्विच, नॅस व सर्व्हर एकदमच सुरू होतात. स्विचच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्री असेल तर पोर्ट वाहता व्हायला ३० सेकंद लागतात, आणि नॅसला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. पीएक्सईच्या मूळ नियमानुसार डीएचसीपीची वाट ४, ८, १६ आणि ३२ सेकंद अशी पाहिली जाते आणि मग प्रयत्न सोडला जातो. म्हणून सर्व्हरच्या पोर्टवर पोर्टफास्ट (स्पॅनिंग ट्रीची ही वाट टाळणारी सेटिंग) चालू करावे, नॅस उत्तर देऊ लागल्याशिवाय व्हीएम सुरू होणार नाहीत अशी अट होस्टवर घालावी आणि डीएचसीपी सर्व्हर स्वतःच नेटवर्कवरून बूट होणाऱ्या व्हीएममध्ये ठेवू नये.