थंडी संपत नाहीये? मग चार फांद्या कापून घरात आणा

फेब्रुवारी उजाडला तरी बाहेर सगळं करडंच दिसत असेल ना, तर नुसती वाट बघत बसू नका, फोर्सिथिया (पिवळ्या फुलांचं झुडूप), चेरी, आलुबुखार, सफरचंद यातलं एखादं झाड हाताशी असेल तर त्याच्या फांद्या घरात पाण्यात ठेवून फुलवता येतात आणि वसंत घरात महिनाभर आधी येतो. खरंच येतो, मी दरवर्षी करते.

ही झाडं फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार करून ठेवतात, त्यांना साधारण ६ ते ८ आठवडे थंडी मिळाली की त्यांची झोप पुरी होते आणि मग फक्त उबेची कमी असते. म्हणून डिसेंबरात घाई करून कापलेली फांदी बहुतेक वेळा नुसतीच वाळते, जानेवारी सरता सरता कापलेली फुलते.

आता कळी ओळखायची कशी, हे महत्त्वाचं. फुलाची कळी गुबगुबीत, गोलसर असते आणि पानाची बारीक, टोकदार. बोट फिरवलं तरी कळतं. गुबगुबीत कळ्या जास्त असलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्या निवडा, आणि ज्या दिवशी तापमान शून्याच्या वर असेल त्या दिवशी कापा. झाडाचा आकार बिघडेल एवढ्या मात्र घेऊ नका प्लीज, जिथे दाटी झालीय तिथल्याच घ्या.

घरी आणल्यावर बुडखा तिरका कापायचा, त्याला इंचभर उभी चीर द्यायची, पाण्यात बुडणाऱ्या कळ्या खुडून टाकायच्या आणि फांद्या रात्रभर कोमट पाण्यात ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याच्या बरणीत. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, नाहीतर ते गढूळ होतं आणि फांदी पाणी ओढेनाशी होते. कळ्यांवर अधूनमधून पाण्याचा फवारा मारा.

जागा थंडसर हवी, १५ ते १८ डिग्री, उजेड भरपूर पण कडक ऊन नको. पहिल्या वर्षी लवकर फुलाव्यात म्हणून मी बरणी थेट हीटरशेजारी ठेवली होती आणि चार दिवसांत सगळ्या कळ्या कोरड्या होऊन गळल्या, खूप वाईट वाटलं होतं.

फोर्सिथिया एक ते तीन आठवड्यांत फुलतो, चेरी-सफरचंदाला जास्त धीर लागतो. आधी काहीच होत नाही, मग एका सकाळी फोर्सिथियाच्या कळीचं तपकिरी खवलं जरासं फाकलेलं दिसतं आणि आत पिवळ्याची एक रेघ, बस्स, ती दिसली की मी चहाचा कप घेऊन तिथेच उभी राहते.

सगळ्या फांद्या एकदम कापू नका हं, दर आठवड्याला दोन-तीनच आणा, म्हणजे बाहेरचं झाड फुलेपर्यंत बरणी रिकामी राहत नाही.