एकूण वजनावर विसंबू नका : मामा तलावातील मासळीची दीर्घकालीन नोंद

मासळी पूर्वीसारखी राहिली नाही, हे भंडारा-गोंदियाकडील मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळीवर नेहमी ऐकू येते. परंतु कोणती कमी झाली आणि केव्हापासून, हे सांगणारी वही मच्छीमार संस्थेकडे क्वचितच आढळते. ती वही कशी असावी, हे समुद्रातील शार्क आणि पाकट (चपट्या अंगाचे मासे) यांच्या इतिहासावरून नीट समजते.

ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधील आयरिश समुद्रातून ‘कॉमन स्केट’ हा पाकटाच्या जवळचा मोठा मासा मासेमारीमुळे जवळपास नाहीसा झाल्याचे 1981 मध्ये मांडले गेले. पुढील अभ्यासात असे दिसले की, सर्व स्केट एकत्र धरल्यास पकड स्थिर वाटत होती, कारण मोठ्या जाती संपत असताना लहान जातींनी ते वजन भरून काढले होते. आपल्याकडे हीच फसगत रोहू, कटला आणि मृगळ यांच्या बीजामुळे होते : सोडलेले बीज वाढते, टोपल्या भरतात आणि मरळ, वाघूर, वाम या स्थानिक जाती कमी झाल्याचे एकूण किलोंमध्ये दिसतच नाही.

म्हणून प्रत्येक जातीला वहीत स्वतंत्र रकाना द्यावा आणि ज्या दिवशी ती जात मिळाली नाही, त्या दिवशी तेथे शून्य लिहावे. रिकामा रकाना पुढे काहीच सांगत नाही. पकडीइतकीच मेहनतही नोंदवावी, म्हणजे किती जाळी, कोणत्या छिद्राची, किती तास पाण्यात होती. पाच जाळ्यांत येणारी मरळ आता दहा जाळ्यांत येत असेल, तर पकड तेवढीच असूनही तलावातील मरळ घटली असण्याची दाट शक्यता आहे.

लांबी मोजण्यासाठी सेंटिमीटरच्या खुणा केलेली फळी पुरते. मासा ओल्या फळीवर आडवा ठेवून तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजावा. लांबी वर्षागणिक उतरत असेल, तर मोठे, प्रजननक्षम मासे आधी संपत आहेत का, हे तपासावे. स्पर्डॉग या छोट्या शार्कची मादी पिले सुमारे दोन वर्षे पोटात वाढवते, त्यामुळे तिची संख्या सावरायला फार काळ लागतो. मरळ त्या मानाने लवकर वाढते, पण ती पावसाळ्यात पिलांच्या लालसर थव्याची राखण करते. राखणीतली जोडी उचलली, तर तो थवा इतर माशांच्या तोंडी जातो. अशी जोडी दिसलेली जागा आणि तारीख अवश्य लिहावी.

तुलना त्याच हंगामाशी आणि तशाच पाणीपातळीशी करावी, कारण उन्हाळ्यात आटलेल्या तलावात मासा सहज सापडतो. खुल्या महासागरातील शार्क आणि पाकटांची संख्या 1970 ते 2018 या काळात सुमारे 71 टक्क्यांनी घटल्याचा अंदाज दीर्घ नोंदी जोडल्यामुळेच बांधता आला. दोन-चार वर्षांचा चढउतार एवढ्या घसरणीला सहज झाकू शकतो. वृद्ध ढिवर (मच्छीमार) बांधवांच्या आठवणी मौल्यवान आहेत, मात्र त्या मोजलेल्या आकड्यांत मिसळू नयेत. सांगणाऱ्याचे वय आणि तलावाचे नाव लिहून वेगळ्या पानावर घ्याव्यात. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी आणि ठेका बदलला, की मूळ वही नव्या संस्थेच्या हाती द्यावी.